जुन्या लेन्सबरोबर आठ महिने: काचेपेक्षा अ‍ॅडॉप्टरने जास्त पिडलं

गेले आठ महिने माझ्या फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर) सोनी ई-माउंट बॉडीवर (माउंट म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स बसते ती जागा) दोन जुन्या लेन्स आलटूनपालटून चढतायत: हेलिओस ४४-२ (५८ एमएम, एफ/२) आणि सुपर टाकुमार ५० एमएम एफ/१.४. दोन्ही एम४२, म्हणजे आट्यांच्या माउंटच्या. घेताना एकच धास्ती होती, कॅमेऱ्याला काही होणार तर नाही ना? लेन्सनी काहीच केलं नाही. जे केलं ते अ‍ॅडॉप्टरने.

एम४२ लेन्सला माउंटपासून सेन्सरपर्यंत ४५.४६ मिमी अंतर लागतं, ई-माउंटचं आहे १८ मिमी. मधले २७.४६ मिमी भरून काढणारी पोकळ नळी, एवढंच ते अ‍ॅडॉप्टर. काच नाही, विजेचे संपर्क नाहीत, म्हणून मी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही आणि सगळ्यात स्वस्त घेतलं. दुसऱ्या महिन्यात एफ/१६ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करून, काढलेल्या फोटोंत आकाशात काळे ठिपके दिसू लागले. धूळ असेल म्हणून ब्लोअर मारला. आठवड्याने ठिपके पुन्हा हजर. शेवटी अ‍ॅडॉप्टर काढून पांढऱ्या कागदावर आपटलं, तर धातूचा बारीक कीस पडला. कॅमेऱ्यावरच अ‍ॅडॉप्टर ठेवून लेन्स फिरवायची माझी सवय, त्यात आटे घासून चुरा थेट आत जात होता. आता लेन्स बाहेरच अ‍ॅडॉप्टरवर बसवतो, मागून ब्लोअर मारतो, मग बॉडीवर चढवतो. दोन लेन्सना दोन वेगळी, जरा बरी अ‍ॅडॉप्टरं घेतली. ठिपके थांबले.

त्या स्वस्त अ‍ॅडॉप्टरची दुसरी खोड म्हणजे जाडी किंचित कमी. त्यामुळे डोंगर लेन्सवरच्या अनंताच्या (∞) खुणेच्या आधीच फोकस व्हायचा आणि खुणेपर्यंत नेलं की धूसर. अंतराच्या आकड्यांवर भिस्त ठेवून फोटो काढणाऱ्याचा इथे पोपट होतो. मी पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी सोय) लावतो, पण छिद्र पूर्ण उघडून एफ/१.४ला पीकिंगही थापा मारतं. तिथे चित्र मोठं करूनच बघावं लागतं.

सेटिंगमध्ये 'लेन्सशिवाय शटर' चालू करावं लागतं, नाहीतर कॅमेरा ढिम्म हलत नाही. बॉडीतलं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) असेल तर फोकल लेंथ (लेन्सवरचा एमएमचा आकडा) हाताने भरायची. मी एकदा मित्राच्या लेन्ससाठी १३५ भरलं, नंतर हेलिओस लावली आणि ५८ करायला विसरलो. कॅमेरा गरजेपेक्षा जास्त सावरत राहिला, अख्खी संध्याकाळ हललेली.

टाकुमार माझ्याकडे आली ती चहासारखी पिवळी होऊन. या सात काचांच्या आवृत्तीत थोरियम असलेली काच आहे, ती काळाने पिवळी पडते. काही आठवडे यूव्ही दिव्याखाली ठेवली, बरीच निवळली. थोरियम किरणोत्सर्गी आहे खरं, पण लेन्स बॅगेत बाळगायला मी घाबरत नाही. ती काच फोडणं, घासणं मात्र मी कधीच करणार नाही.

आत आरसा असलेल्या डीएसएलआरवाल्यांचं दुखणं निराळं. निकॉनच्या जुन्या नॉन-एआय लेन्स (बॉडीला छिद्राचा आकडा कळवायची नंतरची सोय नसलेल्या) बऱ्याच निकॉन बॉडींवर जबरदस्तीने चढवल्या तर माउंटजवळची नाजूक पट्टी मोडू शकते. फुल फ्रेम कॅननवर काही जुन्या लेन्सच्या मागच्या भागाला आरसा जाऊन धडकतो. माझ्यासारख्या मिररलेसवर आरसाच नाही, ही निम्मी चिंता गेली.

निम्मीच, कारण सध्या माझा डोळा ज्युपिटर-१२ या जुन्या लेन्सवर आहे. ३५ एमएम, एफ/२.८, आणि मागची काच एवढी बाहेर आलेली की काही बॉडींमध्ये आतल्या चौकटीला टेकते. विकणाऱ्याने समोरून काढलेले सहा देखणे फोटो पाठवलेत. मी मागच्या बाजूचा एकच मागितलाय, शेजारी मोजपट्टी धरून. अजून आलेला नाही.