बारावीची स्मरणिका: डिचोलीच्या छापखान्याचं पॅकेज घ्यावं का?

गोव्यातल्या डिचोली बाजारातला एक छापखाना हायर सेकंडरींना बारावीच्या स्मरणिकेचं आयतं पॅकेज देतो. ए-५ आकार, ६४ पानं, त्यांतली १६ रंगीत, २५० जीएसएम आर्ट कार्डचं लॅमिनेट केलेलं मुखपृष्ठ, किमान ७५ प्रती, प्रत १८५ रुपये. टायपिंग, पानांची मांडणी आणि एक प्रूफ, म्हणजे तपासायची कच्ची छपाई, त्यातच आलं. हे परीक्षण कला आणि वाणिज्य मिळून ७६ मुलांच्या एका वर्गाच्या कामावर बेतलेलं आहे. छपाई चांगली, बांधणी बरी, देवनागरी कच्ची, आणि मुलांकडून भरून घ्यायचा फॉर्म टाकाऊ. पहिल्या तीन गोष्टी पैशांनी किंवा दटावून सुधारतात. चौथी तुम्हालाच करावी लागते, आणि पुस्तिकेचा जीव तिच्यातच आहे. म्हणून फॉर्मपासूनच सुरुवात करू.

छापखाना देतो त्या एका पानाच्या फॉर्मवर सात रकाने आहेत: नाव, जन्मतारीख, मोबाइल, छंद, आवडता अभिनेता, ध्येय, संदेश. ७६ जणांनी तो भरला की हाती येतं ते असं: छंद क्रिकेट किंवा गाणी ऐकणे, ध्येय सरकारी नोकरी, संदेश ‘कधीही हार मानू नका’. नाव झाकलं तर कुठलंही पान कुणाचंही. मुलं सपाट नसतात, प्रश्न सपाट असतो. सत्तरीतल्या केरीहून पहिल्या कदंब बसने येणारी मुलगी, शिगम्यात रोमटामेळाच्या मिरवणुकीत ढोल वाजवून दुसऱ्या दिवशी सूज आलेल्या हाताने पेपर लिहिणारा मुलगा, काजूच्या दिवसांत पहाटे बोंडं गोळा करून मग वर्गात येणारी भावंडं, ही सगळी त्या फॉर्ममध्ये ‘क्रिकेट, गाणी’ होऊन बसतात.

‘सरकारी नोकरी’ हे उत्तर चिडून खोडू नका, त्याच्या आत जा. डिचोली-सत्तरीच्या खाणपट्ट्यातल्या या मुलांच्या लहानपणी, २०१२ साली, खाणी थांबल्या आणि २०१८ साली पुन्हा थांबल्या. अंगणात महिनोन्‌महिने उभा असलेला खनिजाचा ट्रक आणि त्याचे हप्ते त्यांनी पाहिले आहेत. महिन्याच्या एक तारखेला पगार येणं ही त्यांच्यासाठी लहान इच्छा नाही. पुढचा प्रश्न विचारायचा तो एवढाच: कुठल्या खात्यात, कुठलं काम? मग कुणी म्हणतो पंचायत सचिव, कुणी वनरक्षक, कुणी वीज खात्यात लाइनमन. पेडण्याकडच्या मुलांचं तसंच. २०२३च्या जानेवारीत तिथल्या मोपा विमानतळावरून विमानं उडायला लागली, तेव्हापासून ‘एअरपोर्ट’ हे एकच उत्तर भरपूर येतं. ग्राउंड स्टाफ, कार्गो, सुरक्षा की बाहेर टॅक्सी, हे विचारलं की एकाच शब्दातून चार वेगळी माणसं निघतात.

आम्ही सुचवतो ते प्रश्न पाच. वर्गात तुला हाक कशासाठी मारतात? घरातलं कुठलं काम तुझंच आहे? येत्या जूनमध्ये तू कुठे असशील, आणि ते नाही जमलं तर कुठे? तुला येतं पण शाळेने कधी विचारलं नाही असं काय? पाचवा प्रश्न मुलाला नाही, त्याच्या बाकावरच्या सोबत्याला: याच्याबद्दल एक खरी गोष्ट सांग. पाचव्याचं उत्तर बहुतेक वेळा सगळ्यांत चांगलं येतं. चौथ्याला वेळ द्यावा लागतो; मुलं आधी ‘काही नाही’ म्हणतात आणि चार दिवसांनी येऊन सांगतात की हार्मोनियम येते, किंवा गाय विताना काय करायचं ते येतं.

पान अर्धं, फोटो ३५ × ४५ मिमी, अक्षर ११ पॉइंट. त्यात ६० ते ७० शब्द बसतात. त्याहून जास्त लिहिलं तर टायपिस्ट न विचारता अक्षर लहान करतो आणि पान गिचमिड दिसतं. नेमका मजकूर कसा असावा याचा हा एक नमुना:

‘पंखा बंद पडला की वर्ग याच्याकडे बघतो. घरची पाण्याची मोटर स्वतः खोलतो. एकदा उलटी जोडली होती, तेही लपवत नाही. मागच्या बाकावर बसतो, हजेरी पूर्ण. जूनमध्ये आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा अर्ज, दोन वर्षांचा कोर्स. नाही मिळाला तर मामाच्या वायरिंगच्या कामावर आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज. शेजारीण म्हणते, उसने पैसे याच्याकडून घ्यावेत, मागायचं विसरतो.’

हे पन्नासेक शब्द. नाव झाकलं तरी वर्ग ओळखेल.

पुढच्या वाटेचं लिहिताना संस्थेचं आणि परीक्षेचं नाव नीट तपासा. चूक इथे वाईट दिसते, कारण धाकटी भावंडं हीच पुस्तिका वाचून विचारायला लागतात. डॉक्टर व्हायचं तर नीट, आर्किटेक्चरला नाटा, चित्रकलेला पणजीत आल्तिनोचं कला महाविद्यालय, संगीताला तिथलंच संगीत महाविद्यालय, शेतीला जुन्या गोव्याजवळ एला इथलं कृषी महाविद्यालय, नर्सिंगला बांबोळीची नर्सिंग शिक्षण संस्था. ‘इंजिनीअरिंगला फर्मागुडी’ एवढंच लिहू नका. फर्मागुडीच्या पठारावर १९६७ पासूनचं गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि २०१६ साली सुरू झालेल्या आयआयटीचं तात्पुरतं आवारही तिथेच. दोन्हीकडे प्रवेशाची वाट वेगळी आहे. आणि ‘अजून ठरलं नाही’ हे उत्तर जसंच्या तसं छापा. सतराव्या वर्षी ते प्रामाणिक उत्तर आहे. त्या जागी टीचरनी ‘उच्च शिक्षण’ घालणं हा त्या मुलावर अन्याय आहे.

आता भाषा. आपली मुलं बोलतात कोकणीतून, पाचवीपासून शिकतात इंग्रजीतून आणि स्मरणिका हवी मराठीत. मजकूर मराठी ठेवा, पण सोबत्याचं वाक्य त्याने जसं म्हटलं तसंच अवतरणात येऊ द्या. ‘म्हाका टीचर जावपाचें आसा’ यातला ‘चें’वरचा अनुस्वार छापखान्यातला माणूस चूक समजून काढतो. कोकणीत तो हवाच, म्हणून प्रूफावर लाल शाईने गोल करा.

देवनागरीची मूळ अडचण अशी: छापखाना अजून पेजमेकर हे जुनं सॉफ्टवेअर आणि जुन्या फॉन्टवर काम करतो. मोबाइलवर लिहिलेला मजकूर युनिकोडमध्ये असतो, तो आधी रूपांतरित करावा लागतो आणि त्यात ठरावीक अक्षरं मोडतात. ‘येणाऱ्या’चं ‘येणार्या’ होतं, ‘ॲडमिशन’मधला ‘ॲ’ उडतो, ‘ऑ’च्या जागी चौकोन येतो, ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. म्हणून प्रूफ वाचताना या चार जागा आधी शोधा, बाकी नंतर. इनडिझाइनवर युनिकोडमध्ये काम करणारा छापखाना पणजीत किंवा म्हापशात मिळाला आणि दर परवडला, तर या एका कारणासाठी तिकडे जायला हरकत नाही.

आडनावं तर हमखास बिघडतात. रजिस्टर रोमन लिपीत असतं आणि काही घराण्यांची स्पेलिंगं पोर्तुगीज काळातली. तिथे ‘क्यू यू’ म्हणजे क आणि ‘एक्स’ म्हणजे श. हे माहीत नसलेला टायपिस्ट केणींना ‘क्वेनी’ करतो, शिरोडकरांना ‘झिरोडकर’ आणि कामतांना ‘कामोतिम’. उपाय एकच आणि फुकट: प्रूफाची पानं वर्गाच्या भिंतीवर लावा आणि प्रत्येकाला आपल्या देवनागरी नावाखाली पेनने सही करायला सांगा. सही नसलेलं पान छपाईला जाणार नाही, हे छापखान्यालाही सांगून ठेवा. पॅकेजमध्ये प्रूफ एकच आहे. दुसऱ्याचे पैसे वेगळे पडतात, ते द्या. पहिल्या प्रूफात दुरुस्त केलेल्या ओळीत दुसरी चूक घुसणं हा नेहमीचा प्रकार आहे.

फोटोंचं काम छापखाना मनापासून करतो, काळपट आलेले चेहरे उजळून देतो. पण फोटो व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवला तर तो लहान होऊन पोहोचतो. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ३५ × ४५ मिमीच्या फोटोला ४१३ × ५३१ पिक्सेल लागतात, तेवढे त्यातही मिळतात. गटफोटोचं मात्र फसतं: समोरासमोरची दोन पानं भरायची तर रुंदी २९७ मिमी, म्हणजे ३५०८ पिक्सेल. गटफोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर नेऊन द्या. ४ रांगांत प्रत्येकी १९ जण उभे केले तर दोन पानांवर प्रत्येकाला जेमतेम १५ मिमी रुंदी मिळते. एकाच पानावर घातलात तर चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा होतो. आणखी एक गोष्ट, जी फोटोग्राफर सांगत नाही: या बांधणीत मधल्या घडीत दोन्ही बाजूंचे पाच-सहा मिमी गिळले जातात. फोटो काढतानाच प्रत्येक रांगेत मधोमध एका माणसाची जागा मोकळी सोडा, नाहीतर मधली चार मुलं घडीत जातात. हा फोटो पुन्हा काढता येत नाही.

कागदाबद्दल तक्रार एकच, पण मोठी. रंगीत १६ पानं ९० जीएसएम आर्ट पेपरवर आणि बाकीची ८० जीएसएम मॅपलिथो या साध्या कागदावर, हे ठीक. पण सह्यांची कोरी पानं छापखान्याने रंगीत भागात घातली. गुळगुळीत आर्ट पेपरवर बॉलपेन घसरतं आणि जेलची शाई लवकर वाळत नाही. पुस्तिका मिटली की सही समोरच्या पानावर उमटते. निरोपाच्या दिवशी सगळ्यांत जास्त हाताळली जाणारी पानं हीच. सह्यांची ही सहा पानं मॅपलिथोच्या भागात हवीत, असं ऑर्डरवर लिहून घ्या.

बांधणी गोंदाची आहे आणि ती घ्यावी. पिनांची बांधणी स्वस्त पडते, पण आपल्या पावसाळ्यात पिना गंजतात आणि दोन वर्षांत मधलं पान तांबूस होतं. ६४ पानांचा कणा सुमारे तीन मिमीचाच, त्यामुळे त्यावर नाव छापायचा हट्ट धरू नका. ते वाकडंच येतं. मुखपृष्ठ बाहेरून लॅमिनेट आणि आतून उघडं असल्यामुळे जूनमध्ये आतली बाजू दमट हवा पिऊन फुगते आणि कव्हर बाहेर वळतं. पुस्तिका आडव्या, वर वजन ठेवून साठवा.

फॉर्मवरचे मोबाइल आणि जन्मतारखेचे रकाने छापूच नका. यांतली बरीच मुलं अठरा वर्षांखालची आहेत आणि पुस्तिकेची पीडीएफ दुसऱ्याच दिवशी गावभर फिरते. गाव आणि वाडा पुरे. भरलेले फॉर्म छापखान्यात गठ्ठ्याने पडून राहतात. शेवटचे पैसे देताना ते परत मागा. टोपणनाव मुलाने स्वतः सांगितलं तरच घ्या. जोड्या जुळवणारे विनोद, अंगावरून किंवा जातीवरून केलेली थट्टा, चाचणीचे टक्के यांतलं काहीही पानावर येता कामा नये.

वेळेचं गणित घट्ट आहे. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, निरोप जानेवारीच्या शेवटी. प्रश्न नोव्हेंबरमध्ये वाटा, मजकूर १५ डिसेंबरपर्यंत छापखान्यात पोहोचवा, पहिलं प्रूफ नाताळच्या सुट्टीआधी भिंतीवर लागलं पाहिजे. जानेवारीत दिलेलं काम हा छापखाना घेतो, नाही म्हणत नाही, आणि मग प्रूफच गाळतो.

प्रतींची संख्या ठरवताना फक्त वर्ग मोजू नका. ग्रंथालयाच्या दोन, कार्यालयातल्या आणि प्रयोगशाळेतल्या कर्मचाऱ्यांच्या, रोज मुलांना आणणाऱ्या बालरथाच्या चालकाची एक, आणि अकरावीनंतर शाळा सोडून कामाला लागलेल्यांच्या. त्यांची नावं, आणि ती मुलं हो म्हणाली तर फोटोही, शेवटच्या पानावर येऊ द्या. पुरवणी छपाईच्या प्रती हा छापखाना २५च्या खाली करत नाही, म्हणून ७६च्या वर्गाला पहिल्याच ऑर्डरला ९० सांगा.