पेंग्विनांचा भित्तितक्ता : घेण्याजोगा, पण दोन दुरुस्त्यांसह

यवतमाळच्या एका शालेय साहित्याच्या दुकानातून आमच्या जिल्हा परिषद शाळेसाठी पेंग्विनांचा भित्तितक्ता घेतला. किंमत 240 रुपये. कागद जाड असून वरखाली पट्ट्या आहेत.

पेंग्विन म्हणजे बर्फ, हा मुलांच्याच नव्हे तर आम्हा शिक्षकांच्याही मनात घट्ट बसलेला समज हा तक्ता चांगलाच मोडून काढतो, कारण त्यात सर्वसाधारणपणे मानल्या जाणाऱ्या 18 जाती उंचीनुसार न लावता त्यांच्या किनाऱ्यांनुसार मांडल्या आहेत. न्यूझीलंडच्या दाट, पावसाळी किनारी जंगलात झाडांच्या मुळांशी घरटे करणारा फिओर्डलँड पेंग्विन इथे भेटतो. मुंबईच्या राणीच्या बागेतल्या पेंग्विनांची हम्बोल्ट जात मूळची पेरू आणि चिलीच्या रखरखीत किनाऱ्यावरची, हेही नकाशावर दिसते. विषुववृत्तावरच्या गॅलापागोस बेटांवर पेंग्विन तग धरतो तो थंड सागरी प्रवाहांमुळे, आणि ते प्रवाह निळ्या बाणांनी इतके स्पष्ट दाखवले आहेत की वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

एप्रिलमध्ये टिनाखालच्या वर्गात तक्ता लावला, तेव्हा एका मुलाने विचारले, “सर, याइले ऊन लागत नाही काय?” उत्तर आफ्रिकन पेंग्विनाच्या चित्रातच होते. त्याच्या डोळ्यावर पिसे नसलेला गुलाबी पट्टा असतो. अंग तापले की तिथे रक्तपुरवठा वाढतो आणि उष्णता बाहेर पडते. छपाईत मात्र तो गुलाबी रंग विटकरी झाला आहे, त्यामुळे जखम वाटते.

याच पक्ष्याबाबतची माहिती जुनी आहे. 2024 मध्ये त्याची नोंद नष्ट होण्याच्या अत्यंत जवळ पोहोचलेल्या जातींत झाली, पण तक्त्यात तो अजून त्याआधीच्या पायरीवरच दाखवला आहे. ज्या ग्वानोच्या, म्हणजे साचलेल्या विष्ठेच्या, थरात हे पक्षी बिळे करीत, तो थर माणसांनी खतासाठी खरवडून नेला आणि पिल्ले उघड्यावर आली. पुढे सार्डिन व अँकोव्ही मासेही कमी पडू लागले. शेतकऱ्यांच्या मुलांना खताची ही गोष्ट लगेच उमजली असती, पण तक्त्यात तिला एक ओळही नाही.

दुसरी चूक अक्षम्य आहे. एम्परर पेंग्विन खड्यांच्या घरट्यावर बसवला आहे! खडे गोळा करतो तो बर्फ नसलेल्या खडकाळ किनाऱ्यावरचा अ‍ॅडेली. एम्परर घरटे बांधतच नाही, नर सुमारे दोन महिने अंडे पायांवर घेऊन उभा असतो. आम्ही त्या जागी पांढरा कागद चिकटवून चित्र नव्याने काढले.

पाचवी ते आठवीसाठी तक्ता जरूर घ्यावा, त्याखालच्या वर्गांना अक्षरे बारीक पडतील. लॅमिनेशन फार चकाकते, म्हणून तो खिडकीसमोरच्या भिंतीवर लावू नये.