'सात टक्के' हळदीचं बेणं आणि करारातली मेख

मेघालयातल्या लाकाडोंग हळदीचं बेणं नेहमीच्या दुप्पट-तिप्पट दराने गळ्यात मारायचं, "सात टक्के कुरकुमिन (हळदीतला मुख्य औषधी घटक), सगळा माल आम्हीच उचलू" असं लिहून द्यायचं, आणि काढणीनंतर "टक्के भरले नाहीत" म्हणून हात वर करायचे. फसवणूक एवढीच, पण अख्खा हंगाम खाते.

विकताना दाखवलेला लॅब रिपोर्ट खोटा असेलच असं नाही. तो मेघालयात, जयंतिया टेकड्यांत पिकलेल्या हळदीचा असू शकतो. तिथे आम्लधर्मी जमीन, धो धो पाऊस, थंड हवा. आपल्याकडे चुनखडीची काळी जमीन, सामू (पीएच) आठच्या आसपास. वाण तोच राहिला तरी जमीन, उंची आणि हवा बदलली की कुरकुमिन बदलतं. त्यात लाकाडोंगचं भौगोलिक मानांकन तिकडच्या भागाचं, म्हणजे आपल्याकडे वसमतला पिकवलेला माल त्या नावाने विकताही येत नाही. हे विकणारा सांगत नाही.

करारात एक ओळ असते: 'किमान ७ टक्के, अन्यथा खरेदी बंधनकारक नाही.' सगळी मेख तिथे. एकरी साधारण १० क्विंटल बेणं लागतं, नफा त्यातच निघाला. हळद त्यांना नकोच असते.

रिपोर्टाच्या तळाशी बारीक अक्षरात 'निकाल फक्त मिळालेल्या नमुन्यापुरता' असं असेल, तर तो नमुना कोणी, कुठून काढला ते विचारा. टक्केवारी वाळलेल्या हळदीवरची आहे ना, तेही बघा. ओली हळद शिजवून वाळवली की साधारण पाचवा हिस्सा उरते, त्यामुळे ओल्या-सुक्याच्या आकड्यात पाचपट फरक पडतो. बेणं कापून आतला गडद केशरी रंग दाखवतील. रंगावरून टक्के कळत नाहीत.

घ्यायचंच असेल तर पहिल्या वर्षी दहा किलो. शेजारच्या सरीत आपला नेहमीचा सेलम वाण लावा, दोन्ही एकाच दिवशी काढा, सारखंच शिजवा-वाळवा, आणि एकाच लॅबमध्ये एकाच पद्धतीने तपासा. फरक किंमतीएवढा निघाला तर पुढचं बोलायचं. करारात टक्क्यांनुसार उतरता दर हवा, खरेदी नाकारण्याची मुभा नको. नमुना दोघांसमोर काढून तीन पाकिटं सीलबंद करा: एक त्यांचं, एक तुमचं, एक वादासाठी.

बेण्याचं पक्कं बिल, वाणाचं नाव लिहिलेलं, जपून ठेवा. बेण्यात भेसळ किंवा कंदकुज दिसली तर पीक उभं असतानाच तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार देऊन पंचनामा करून घ्या. नंतर रान मोकळं झालं की पुरावा संपला. बियाणं विकत घेणारा शेतकरी ग्राहकच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली म्हटलंय, तेव्हा ग्राहक आयोगाचं दारही उघडं आहे.