परदेशातली पक्षीसहल: आठ पट की दहा पट, पुस्तक की ॲप, गट की स्वतंत्र गाईड

गाईडसोबत पक्षी बघायला परदेशी जायचं ठरलं की तयारीचं स्वरूपच बदलतं. पक्षी शोधणं हे गाईडचं काम. त्याचे कान त्या जंगलात तयार झालेले असतात, कुठल्या वळणावर काय सापडतं हे त्याला पाठ असतं. तुमच्या वाट्याला येतात ते त्याने बोट दाखवल्यानंतरचे काही सेकंद. तेवढ्यात दुर्बीण पक्ष्यावर पोहोचली पाहिजे आणि कुठली खूण बघायची हे आधीच डोक्यात असलं पाहिजे. पुढची प्रत्येक निवड मी याच निकषावर तोलली आहे.

दुर्बीण: ८×४२, १०×४२ की ८×३२

दुर्बिणीवरचा पहिला आकडा वर्धनाचा, म्हणजे पक्षी किती पट मोठा दिसतो त्याचा, आणि दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. दहा पटीत पक्षी मोठा दिसतो, म्हणून पहिला ओढा तिकडेच असतो. पण त्या मोठेपणाच्या बदल्यात बरंच काही सोडावं लागतं. हजार मीटर अंतरावर आठ पटीच्या चांगल्या दुर्बिणीत साधारण १३० ते १४० मीटर रुंदीचं दृश्य मावतं, दहा पटीत ते ११० मीटरच्या आसपास येतं. मोकळ्या मैदानात हा फरक जाणवत नाही. वर्षावनात मिश्र थवा डोक्यावरून सरकत असतो, गाईड भराभर नावं घेत असतो आणि प्रत्येक पक्षी एका फांदीवर क्षणभरच टेकतो, तेव्हा मात्र रुंद दृश्यातच तो सापडतो. शिवाय हाताचा कंपही दहा पटींनी मोठा होतो. चढ चढून धाप लागलेली असेल तर विचारायलाच नको.

मग प्रकाशाचा मुद्दा. भिंगाचा व्यास भागिले वर्धन केलं की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ८×४२ मध्ये ती ५.२५ मिलिमीटर, १०×४२ मध्ये ४.२ आणि ८×३२ मध्ये ४. भर दुपारी बाहुली आक्रसलेली असते, त्यामुळे तिन्ही सारख्याच उजळ वाटतात. पण अँटपिटासारखे लाजरे पक्षी पहाटे, दाट झाडीच्या तळाशी, जमिनीवर उड्या मारत फिरतात. तिथे तो एक मिलिमीटर कामी येतो.

दहा पटीची खरी जागा किनारे, पाणथळी, गवताळ प्रदेश आणि उंच घिरट्या घालणारे शिकारी पक्षी. मात्र अशा ठिकाणी गाईडकडे बहुधा तिपाईवर लावलेला स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण, असतो आणि तो दहा पटीच्या कितीतरी पुढे जातो. म्हणजे आठ पटीची उणीव भरून काढणारी वस्तू सोबत असतेच. एकट्याने फिरणाऱ्यासाठी हा वाद बरोबरीचा असेल, गाईडसोबत जाणाऱ्यासाठी माझं मत ठामपणे ८×४२ च्या बाजूने आहे.

अपवाद मानेचा. ८×४२ चं वजन सातशे-आठशे ग्रॅमच्या घरात जातं, ८×३२ पाचशेच्या आसपास राहते. मान दुखत असेल किंवा दिवसभर चढउतार असेल तर ८×३२ घ्या, आणि दोन्हींपैकी कुठलीही घेतलीत तरी गळ्यातल्या पट्ट्याऐवजी खांद्यांवर भार घेणारा हार्नेस वापरा. चष्मा लावणाऱ्यांनी दुर्बिणीचं आय रिलीफ, म्हणजे डोळा आणि डोळ्याकडचं भिंग यांतलं अंतर, किमान १५-१६ मिलिमीटर आहे ना, ते बघावं. नाहीतर दृश्याच्या कडा कापल्या जातात. आणि दुर्बीण निघण्याच्या आदल्या आठवड्यात विकत घेऊ नका. नजर पक्ष्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची सवय हाताला लागायला काही महिने जातात, आणि गाईडसोबत असताना उपयोगी पडतं ते हेच.

अभ्यास: पुस्तक की ॲप

कोस्टा रिकात ९०० हून अधिक प्रजाती, इक्वेडोरमध्ये १,६०० हून अधिक, कोलंबियात १,९०० च्याही पुढे. सगळं पाठ करायला गेलात तर काहीच लक्षात राहणार नाही. म्हणून आधी यादी छोटी करायची. त्यासाठी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळासारखं दुसरं साधन नाही. सहलीतलं एकेक ठिकाण आणि तुमचा महिना निवडला की कुठली प्रजाती तिथे किती वारंवार नोंदली जाते ते पट्ट्यांच्या आलेखात दिसतं. तुमच्या जुन्या नोंदी त्यावर असतील तर न पाहिलेल्या प्रजातींची यादीही वेगळी मिळते.

यादी हाती आली की मी पुस्तकाकडे वळेन. छापील फील्ड गाईडमध्ये एका पानावर आठ-दहा भाऊबंद शेजारी शेजारी बसलेले असतात. भुवईची रेघ कुणाला आहे, पंखावरचे पट्टे कुणाला नाहीत, हे नजरेत असंच बसतं. फोनच्या पडद्यावर एका वेळी एक पक्षी दिसतो आणि तुलना निसटते. अभ्यासही आधी कुळांचा करावा. अँटबर्ड कसे वावरतात, टॅनेजर झाडाच्या कुठल्या भागात असतात, फ्लायकॅचर कसे बसतात. गाईडने नुसतं कुळाचं नाव घेतलं तरी नजर बरोबर उंचीवर जाते. मग चाळीस-पन्नास हव्याहव्याशा प्रजातींच्या नेमक्या खुणा.

प्रत्यक्ष जंगलात मात्र ॲप सरस. कॉर्नेलच्या पक्षीशास्त्र प्रयोगशाळेचं मर्लिन फुकट आहे, त्या प्रदेशाचा संच आधी उतरवून ठेवला की नेटवर्कशिवाय चालतं, आणि जाडजूड पुस्तकाचं ओझं वाचतं. त्यातली आवाजावरून ओळख २०२१ पासून आहे. उत्तर अमेरिका आणि युरोपात तिचा पल्ला मोठा आहे, उष्ण कटिबंधातल्या जंगलात अजून तितका नाही. तिथे गाईडचा कानच जास्त विश्वासाचा. आवाज आधी घरी ऐकायचे असतील तर झेनो-कँटो या संकेतस्थळावर जगभरातली ध्वनिमुद्रणं आहेत. पन्नास प्रजातींपैकी दहा-बारा आवाज ओळखू आले तरी खूप झालं.

एक अडचण आधीच माहीत असावी. पुस्तक काही वर्षांपूर्वीचं असेल तर त्यातली नावं आणि ॲपमधली नावं जुळतीलच असं नाही, कारण प्रजातींचं विभाजन आणि एकत्रीकरण सतत चालू असतं. वेगवेगळ्या जागतिक याद्या एक व्हाव्यात म्हणून २०२५ मध्ये ॲव्हीलिस्ट ही एकत्रित यादी आली, पण छापलेली पुस्तकं तर बदलत नाहीत. गाईड कुठली यादी वापरतो ते विचारून आपल्या चेकलिस्टवर त्याच नावांनी खुणा करा.

गट की स्वतंत्र गाईड

गटात गाडी आणि गाईडचा खर्च वाटला जातो, नजरा वाढतात आणि सोबत्यांकडून शिकायला मिळतं. स्वतंत्र गाईड महाग पडतो, पण एका पक्ष्यापाशी तासभर थांबायची मुभा देतो. अरुंद पायवाटेवर आठ जण एकामागे एक चालत असतील तर मागच्यांना पक्षी दिसतोच असं नाही. तेव्हा चौकशी करताना गटात किती जण, गाईड किती आणि पुढे चालण्याची पाळी फिरते का, हे तीन प्रश्न आधी विचारा. आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर बोलावण्याबाबत गाईडचं धोरण काय, हाही विचारा. विणीच्या हंगामात वारंवार आवाज वाजवणाऱ्याबरोबर मी जाणार नाही, यादी कितीही लांब होत असली तरी.

याहून मोठी निवड कार्यक्रमाची. इक्वेडोरमध्ये मिंदोजवळ आंखेल पाझ या शेतकऱ्याने जायंट अँटपिटाला गांडुळं देऊन हाकेला यायची सवय लावली आणि एरवी न दिसणारा तो पक्षी पाहायला जगभरातून लोक येऊ लागले. युगांडात मबांबाच्या दलदलीत शूबिल हा मोठ्या चोचीचा पक्षी होडीत बसून शोधता येतो, तर बविंडीच्या जंगलात ग्रीन ब्रॉडबिल या छोट्या पक्ष्यासाठी तीव्र उताराची लांब वाट उतरून परत चढावी लागते. गुडघे साथ देत नसतील तर होडी, आडोसे आणि खाद्य ठेवलेल्या जागांचा कार्यक्रम निवडावा. त्यात कमीपणा काहीच नाही. अँडीजमध्ये उंचीही बघा. मिंदो हजार-बाराशे मीटरवर आहे, इक्वेडोरमधलीच पापायाक्ताची खिंड चार हजारांच्या आसपास. उंच जागा कार्यक्रमाच्या शेवटाकडे असलेली बरी.

बाकीचं सामान

कॅमेऱ्याबाबत थोडक्यात: फोटो हा मुख्य हेतू नसेल तर मोठी लेन्स नेऊ नका. दुर्बीण आणि लेन्स दोन्ही सांभाळताना ते पहिले सेकंद हातचे जातात. सुटे बॅटरीसंच आणि पॉवर बँक विमानात हातसामानातच ठेवायचे असतात. आफ्रिकेतल्या छोट्या विमानांत बहुधा १५ किलो आणि मऊ बॅग अशी अट असते. कपडे मळखाऊ आणि साध्या रंगांचे. लष्करी छापाचे अजिबात नकोत, झिंबाब्वे आणि झांबियात नागरिकांना ते घालायला बंदी आहे.

पीतज्वराची लस मागणाऱ्या देशात जायचं असेल तर ती प्रवेशाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, तरच प्रमाणपत्र ग्राह्य धरलं जातं. २०१६ पासून ते आयुष्यभर वैध असतं. लसीची तारीख विमानाच्या तिकिटाबरोबरच ठरवून टाका.