सूचक शब्दांची कार्डं, सहा महिन्यांनी: सगळं भांडण त्या ‘च’शी

वाक्यातली अट कोणत्या शब्दावरून ओळखायची, हे पाठ करून घेणारी ही विकतची कार्डं. तर्क चाचणीची तयारी करणाऱ्यांना हा प्रकार माहीत असतोच, त्यामुळे ओळख थोडक्यात. पुढे शब्द, मागे बाण. ‘जर, जेव्हा, प्रत्येक, जो कोणी’ बाणाच्या शेपटीला, म्हणजे पुरेशा अटीकडे (ती असली की दुसरी गोष्ट असतेच). ‘तरच, फक्त, आवश्यक, च’ टोकाला, म्हणजे आवश्यक अटीकडे (ती नसेल तर पहिली गोष्ट शक्यच नाही). ‘शिवाय’ला वेगळं कार्ड. पहिल्या महिन्याअखेर पाच तारे दिले असते, तिसऱ्या महिन्यात दोन. आता साडेतीन, आणि कापलेल्या दीडपैकी एक अख्खा तारा एकट्या ‘च’च्या कार्डावर गेला आहे.

त्या कार्डामागे लिहिलेलं असतं: ‘च’ ज्याला चिकटतो ती आवश्यक अट. सोपं वाटतं, आणि सुरुवातीला चालतंही. ‘ओळखपत्र असलेल्यांनाच प्रवेश’: प्रवेश → ओळखपत्र. ‘ओळखपत्र असेल तरच प्रवेश मिळेल’: पुन्हा प्रवेश → ओळखपत्र. ‘ओळखपत्र असेल तर प्रवेश मिळेलच’: इथे ‘च’ मिळण्याला लागला, म्हणून प्रवेश टोकाला, ओळखपत्र → प्रवेश. तिन्ही बरोबर. एकच अक्षर दोन शब्द पुढे सरकलं आणि बाण उलटा फिरला, हे ज्याला दिसलं त्याचा निम्मा अभ्यास झाला. इथपर्यंत कार्डाचं कौतुकच आहे.

आता ही दोन घ्या. ‘तो आलाच तर कळवा.’ ‘बटण दाबताच दिवा लागतो.’ कार्डानुसार येणं आणि दाबणं टोकाला जायला हवं. प्रत्यक्षात दोन्ही शेपटीला आहेत: आला → कळवायचं, दाबलं → दिवा. ‘आलाच तर’मधला ‘च’ फक्त ‘येईल असं वाटत नाही’ एवढंच सांगतो आणि ‘दाबताच’मधला ‘लगेच’ एवढंच. ‘आलाच तर’ आणि ‘आला तरच’ यांत अक्षरं तीच, पण अर्थ अगदी उलट दिशेचा. शिवाय ‘नक्कीच, फारच, विचारलंच नाही’ हे नुसता जोर देणारे ‘च’ आहेतच. उताऱ्यात त्यांचीच गर्दी जास्त असते, आणि कार्ड पाठ केलेला माणूस त्या प्रत्येकावर बाण काढत सुटतो.

कारण उघड आहे. ही यादी मुळात इंग्रजी सूचीचं भाषांतर आहे. तिथे ‘ओन्ली इफ’ हे सुटे शब्द वाक्यात ठसठशीत उभे असतात. मराठीत तेच काम शब्दाच्या शेपटाला लागलेलं एक अक्षर करतं, आणि तेच अक्षर आणखी चार कामंही करतं. ‘ओन्ली इफ’च्या जागी ‘च’ लिहिला की झालं, असं करणाऱ्याने मराठी वाक्यं तपासलेली दिसत नाहीत.

यावर उपाय फुकट आहे, कार्डाची गरज नाही. ‘च’ काढून वाक्य पुन्हा वाचा. दिशा बदलली तर तो ‘च’ खरा आणि बाण उलटा काढायचा. नुसता जोर कमी झाला तर सोडून द्यायचं. ‘असेल तरच प्रवेश’मधला काढला तर दिशा फिरते. ‘मिळेलच’, ‘आलाच तर’ यांतला काढला तर फिरत नाही. ‘दाबताच’मधला सरळ काढता येत नाही, तिथे ‘दाबल्यावर’ घालून पाहा. फिरत नाही.

मत बदललं ते दुसऱ्याच गोष्टीमुळे. यादीतला एकही शब्द नसलेली सोपाधिक, म्हणजे अट घालणारी, विधानं या संचाच्या हाती लागतच नाहीत, आणि रोजच्या मराठीत तीच सर्वाधिक. ‘उशिरा येणाऱ्यांना आत घेतलं जाणार नाही.’ ‘अर्ज अपूर्ण असल्यास बाद होईल.’ ‘विनापरवाना वाहन चालवणं हा गुन्हा आहे.’ यांत ‘जर’ही नाही, ‘तर’ही नाही. अट आहे ‘येणाऱ्या’त, ‘असल्यास’मध्ये, ‘विना’त. म्हणून मागच्या कोऱ्या जागेत हाताने लिहून घ्या: -णारा, -लेला, -ल्यास, -ल्यावर, -ताच, विना-. एवढं केलं की संच बराच सुधारतो, तेव्हा दोनाचे साडेतीन तारे झाले.

‘नाहीतर’ही यादीत नाही, हे जरा अजबच. ‘लवकर नीघ, नाहीतर गाडी चुकेल’ म्हणजे लवकर न निघणं → गाडी चुकणं. लवकर निघाल्यावर गाडी मिळेलच, असं वाक्य म्हणत नाही. पर्यायांत मात्र नेमकं तेच दिलेलं असतं.

उलट बाजूने, शब्द आहे पण अट नाही, असेही सापळे आहेत. ‘वाचायचं असेल तर टेबलावर पेपर आहे.’ बाण उलटा करून दोन्ही टोकांना नकार द्या: टेबलावर पेपर नाही, म्हणून तुला वाचायचं नाही! हास्यास्पद निघालं की समजायचं, ही अट नव्हे, नुसती माहिती. ‘जरी पाऊस पडला तरी सामना होईल’ यात तर पावसाचा निकालाशी संबंधच तोडलेला आहे. ‘फ्यूज उडाला म्हणून दिवा गेला’ ही घडलेली गोष्ट, नियम नव्हे. ‘जेव्हा’साठी क्रियापद पाहायचं: ‘घंटा वाजली तेव्हा सगळे आत होते’ ही एका वेळची हकिकत, ‘घंटा वाजते तेव्हा सगळे आत जातात’ हा नियम, यावर बाण काढा. आणि ‘शिवाय’: ‘सही झाल्याशिवाय पैसे निघत नाहीत’ म्हणजे पैसे निघाले → सही झाली. शिवायच्या आधीचं जसंच्या तसं टोकाला, उरलेल्या भागाला नकार देऊन शेपटीला. पण ‘त्याशिवाय दोन खुर्च्याही आहेत’ यातला ‘शिवाय’ म्हणजे ‘आणखी’. कार्डावर त्याचा उल्लेख नाही.

म्हणून शब्द पाहून बाण काढण्याऐवजी दोन प्रश्न विचारा. पहिली गोष्ट कळली की दुसरी हमखास कळते का? दुसरी नसेल तर पहिली अशक्य ठरते का? दोन्हींना ‘हो’ आलं तरच बाण. ‘बहुतेक’ आणि ‘काही’ इथेच गळतात.

दुसऱ्या प्रश्नाशिवाय नुसता शब्द ओळखून काय होतं, ते मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांच्या १९६६ च्या चार पत्त्यांच्या कोड्यात दिसतं. प्रत्येक पत्त्याच्या एका बाजूला इंग्रजी अक्षर, दुसऱ्या बाजूला संख्या. समोर दिसतात ई, के, ४ आणि ७. नियम: एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या. नियम तपासायला कोणते पत्ते उलटाल? उत्तर ई आणि ७, पण बरोबर जोडी निवडणारे दहात एखादाच. बाकीच्यांतले बरेच जण ‘४’चा पत्ता उलटतात. ४ मागे काहीही निघालं तरी नियम मोडत नाही; ७ मागे स्वर निघाला तर मोडतो. इथे ‘तर’ सगळ्यांनाच दिसलेला असतो. चुकतो तो कॉन्ट्रापॉझिटिव्ह, म्हणजे उलटून नकारलेला बाण (सम नाही → स्वर नाही), आणि संचात एकाही कार्डावर तो छापलेला नाही. प्रत्येक बाणाखाली स्वतः लिहा.

एलसॅटवाल्यांसाठी (अमेरिकेतल्या कायदा महाविद्यालयांची प्रवेश परीक्षा): ऑगस्ट २०२४ पासून लॉजिक गेम्सचा, म्हणजे अटींवरून मांडणी लावायच्या कोड्यांचा, विभाग गेला, त्यामुळे बाणांच्या साखळ्या आखायचा सराव पूर्वीइतका लागत नाही. लॉजिकल रीझनिंगच्या, म्हणजे छोट्या उताऱ्यांतले युक्तिवाद तपासायच्या, विभागाला ३५ मिनिटं आणि साधारण २५ प्रश्न, म्हणजे एकाला दीड मिनिटाहून कमी. प्रत्येक ‘तर’वर बाण काढलात तर वेळ पुरणार नाही. दोन अटी एकमेकींना जोडल्या जात असतील किंवा पर्यायांत दिशा उलटवलेली दिसत असेल, तेव्हाच कागदाला पेन लावा. बाकी तोंडातल्या तोंडात.

विकत घेण्यासारखा संच आहे का? नाही. एका कागदाच्या दोन बाजूंना सगळं मावतं, तेही दुरुस्त्यांसकट. आधीच घेतला असेल तर ‘शिवाय’ आणि ‘तरच’ची कार्डं ठेवा, ‘च’चं फेकून द्या. ‘बहुतेक’चं एक कार्डही त्यात असतं, त्याच्या मागे बाण काढलेला. तो खोडा.