पीकविम्याच्या अनुभवाची पाहणी: एका सर्वेक्षण संस्थेच्या सेवेचे परीक्षण

आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीने छत्रपती संभाजीनगर येथील एका सर्वेक्षण संस्थेकडून सभासदांच्या पीकविम्याच्या अनुभवाची पाहणी नुकतीच करून घेतली. करार अद्याप पूर्ण झालेला नसल्याने संस्थेचे नाव येथे देत नाही. परंतु मराठवाड्यातील अनेक उत्पादक कंपन्या, पतसंस्था आणि सेवाभावी संस्था अशा पाहण्या करून घेण्याच्या विचारात असतात, त्यांना या सेवेचे बरेवाईट कळावे यासाठी हे परीक्षण लिहीत आहे.

आमचे सभासद कळंब आणि केज या दोन शेजारच्या तालुक्यांतले, मुख्यतः सोयाबीन पिकवणारे आहेत. खरीप २०२३ पासून राज्यात एक रुपयात पीकविमा मिळत होता. खरीप २०२५ पासून ती सवलत बंद झाली आणि शेतकऱ्याला पुन्हा आपला हिस्सा, म्हणजे सोयाबीनसारख्या खरीप पिकासाठी विमा संरक्षित रकमेच्या कमाल दोन टक्के, भरावा लागू लागला. सभासदांनी हा हप्ता भरावा असा आग्रह कंपनीने धरावा का, विमा भरून देण्याची सोय कंपनीच्या कार्यालयात करावी का, आणि मुळात लोकांचा विम्यावर विश्वास उरला आहे का, हे संचालक मंडळाला जाणून घ्यायचे होते. संस्थेने त्यासाठी चारशे सभासदांची प्रश्नावली, त्यांतील निवडक सभासदांच्या दीर्घ मुलाखती आणि शेवटी अहवाल अशी तीन भागांची योजना दिली.

नमुना निवडण्याचे काम संस्थेने चोख केले, हे आधी सांगितले पाहिजे. समूह मोठा असला तरी ९५ टक्के विश्वासपातळी आणि पाच टक्के त्रुटीमर्यादा (म्हणजे आकडा खऱ्यापेक्षा जास्तीत जास्त किती इकडेतिकडे असू शकतो ती मर्यादा) धरली तर साधारण ३८५ उत्तरे पुरतात, हे गणित सर्वांनाच पाठ असते. पण ते लागू पडण्यासाठी माणसे यादीतून यादृच्छिक पद्धतीने निवडलेली असावी लागतात, ही अट मात्र सोयीस्करपणे विसरली जाते. पारावर बसलेल्या दहा जणांकडून दहा अर्ज भरून घेतले की गाव उरकले, अशा पाहण्या आमच्या भागाने पुष्कळ पाहिल्या आहेत. या संस्थेने सभासद नोंदवहीतून क्रमांक काढले आणि ज्याचा क्रमांक निघाला त्याच्या घरी किंवा शेतात माणूस पाठवला. टॅबवर कोबोकलेक्ट हे ॲप होते. नेटवर्क नसलेल्या शिवारातही त्यात अर्ज भरता येतो आणि नेटवर्क मिळाल्यावर पाठवता येतो, त्यामुळे वाड्यावस्त्या सुटल्या नाहीत. भरलेल्या अर्जांपैकी काहींना संस्थेच्या कार्यालयातून पुन्हा फोन करून पडताळणीही झाली.

परंतु यादी निर्दोष असली तरी प्रश्नावली निर्दोष नव्हती, आणि या सेवेतला सर्वांत कच्चा भाग तोच होता. "विमा भरण्याची प्रक्रिया सोपी व पारदर्शक वाटते" या विधानावर पूर्णपणे सहमत ते पूर्णपणे असहमत अशा पाच पायऱ्यांत उत्तर मागितले होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडलेली ही मोजपट्टी कागदावर वाचणाऱ्याला कळते. ओसरीवर बसून ऐकणाऱ्या साठीच्या माणसाला मात्र "सहमत" आणि "पूर्णपणे सहमत" यांतला फरक तोंडी समजावून सांगणे अवघड आहे. त्यातही हे विधान एक नसून दोन आहेत. सेवा केंद्रावर जाऊन अर्ज भरणे सोपे आहे, हे बहुतेकांना मान्य होते. भरपाई कशी ठरते हे पारदर्शक आहे, असे म्हणणारा शोधावा लागला असता. "हाय की बरं" असे मोघम उत्तर आले की सर्वेक्षक "सहमत" या खुणेवर बोट ठेवून पुढच्या प्रश्नाकडे वळत होता. पाहुण्यासमोर नाही म्हणणे बरे दिसत नाही, म्हणून विधानाला होकार देण्याची जी प्रवृत्ती सर्वत्र आढळते, तिला या रचनेने आयतीच वाट करून दिली. निम्मी विधाने उलट्या अर्थाची ठेवणे किंवा सहमती न विचारता थेट घटना विचारणे, हे उपाय या व्यवसायातल्या कोणालाही ठाऊक असतात.

याहून मोठा घोटाळा "गेल्या तीन हंगामांत विम्याचे पैसे मिळाले का" या वरकरणी साध्या प्रश्नाने झाला. आमच्याकडे शेतकऱ्याच्या एकाच खात्यावर पीएम किसानचे वर्षाला सहा हजार, राज्याच्या नमो योजनेचे सहा हजार, अतिवृष्टीचे अनुदान आणि विम्याची भरपाई असे सगळे पैसे थेट जमा होतात. "पैसे आले की, दोनदा आले" हे उत्तर खरे असते, पण ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे प्रश्नावलीला कळत नाही. त्यात २०२३ च्या कोरड्या ऑगस्टनंतर विम्याच्या संभाव्य भरपाईपैकी आगाऊ मिळालेला २५ टक्के अग्रिम काहींच्या लेखी विमा होता, तर काहींच्या लेखी ती सरकारने केलेली दुष्काळी मदत होती. परिणामी विमा मिळालेल्यांचे जे प्रमाण अहवालाच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत छापले आहे, त्यावर मी स्वतः कोणताही निर्णय घेणार नाही.

हा घोटाळा उघड झाला तो दीर्घ मुलाखतींत, आणि येथे मात्र या संस्थेचे मनापासून कौतुक करावे लागेल. मुलाखतींसाठी आलेली दोन्ही माणसे समाजकार्याचे शिक्षण घेतलेली आणि याच भागातली होती. त्यांनी विम्याबद्दल मत विचारून सुरुवात केली नाही. "सप्टेंबरात पाऊस उघडल्यावर पहिल्यांदा रानात कधी गेलात, तिथून सांगा" असे म्हणून ती गप्प बसत. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीची आठवण अजून ताजी होती, त्यामुळे माणसे स्वतःहून बोलत गेली. हंगामाचे साल विचारले तर चूक होते, पण "ज्या वर्षी ऑगस्ट कोरडा गेला" किंवा "ज्या वर्षी नदी रानात शिरली" असे विचारले तर क्रम बरोबर लागतो, हे त्यांना शिकवावे लागले नाही. पैशांचा विषय निघाला की "काका, पासबुक असेल तर दाखवता का" अशी विनंती ती करत, आणि नोंदी एकत्र वाचल्यावर कित्येकांचे उत्तर तिथल्या तिथे बदलत असे. टॅबवर होकार नोंदवलेला माणूस मुलाखतीत "म्हणजे इम्याचे आलेच नाहीत की" असे म्हणतो, हे ध्वनिमुद्रणात ऐकायला मिळणे हाच आमच्या खर्चाचा खरा मोबदला होता.

मुलाखतींतून निघालेली सर्वांत उपयोगी गोष्ट नाराजीच्या कारणाविषयी होती. प्रश्नावलीवरून असे दिसत होते की भरपाई कमी मिळाल्याने लोक असमाधानी आहेत, आणि संचालक मंडळाचाही तोच समज होता. मुलाखतींत वारंवार वेगळेच ऐकू आले: बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्याला, त्याच पिकाला, त्याच पावसात जास्त रक्कम मिळाली आणि आपल्याला का नाही, हे कोणीच सांगितले नाही. उंबरठा उत्पन्नाशी, म्हणजे ज्याच्या खाली उत्पन्न गेले तरच भरपाई लागू होते त्या मर्यादेशी, तुलना होते ती एकेका शेताची होत नाही, तर पीक कापणी प्रयोगांवरून, म्हणजे काही निवडक शेतांतले पीक कापून व मोजून, काढलेल्या महसूल मंडळाच्या (काही गावांच्या गटाच्या) सरासरी उत्पन्नाची होते. त्यामुळे मंडळाची हद्द जिथून जाते तिथे दोन शेजाऱ्यांचे नशीब वेगळे होते. ज्यांना हे माहीत होते ते कमी रकमेवरही फारसे चिडलेले नव्हते. ज्यांना माहीत नव्हते त्यांनी सरळ वशिल्याचा संशय घेतला होता. नुकसान झाल्यापासून बहात्तर तासांच्या आत विमा कंपनीला पूर्वसूचना देण्याचा नियम होता तेव्हा ज्यांनी गुडघाभर चिखलात उभे राहून फोटो काढले, त्यांना त्या तक्रारीचे पुढे काय झाले हे कधीच समजले नाही, हा सलही असाच. खरीप २०२५ पासून आपल्या राज्यात स्थानिक आपत्तीची, म्हणजे एकेका शेताच्या नुकसानीची, ती तरतूदच राहिली नाही, तरी फोटो काढून ठेवणारे सभासद आहेत; म्हणजे अनुभव नियमापेक्षा जास्त काळ टिकतो. या एका निष्कर्षामुळे कंपनीने करायचे काम बदलले. हप्त्यासाठी आग्रह धरण्याआधी मंडळनिहाय उंबरठा उत्पन्न आणि कापणी प्रयोगांचे आकडे गावात फलकावर लावणे आता पहिल्या क्रमांकावर आले आहे.

लोक सर्वेक्षकाला कोण समजतात, याचाही विचार संस्थेने पुरेसा केलेला दिसला नाही. पंचनामे नुकतेच होऊन गेलेल्या गावात टॅब घेऊन कोणी नुकसानीबद्दल विचारू लागला, तर तो मदतीची यादी करतो आहे असेच गृहीत धरले जाते, आणि मग नुकसान चार बोटे जास्तच सांगितले जाते. धाराशिव जिल्ह्यात तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचे ग्रामीण केंद्र १९८६ पासून असल्याने प्रश्न विचारणारी मुले लोकांना अनोळखी नाहीत, आणि १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर याद्यांचा आणि पाहण्यांचा अनुभव तर दोन पिढ्यांच्या अंगवळणी पडला आहे. म्हणूनच "आम्ही सरकारकडून आलो नाही, यातून कोणतीही मदत मिळणार नाही आणि नकार दिला तरी काही बिघडणार नाही" हे तीन वाक्यांत, बोलीभाषेत सांगणे आवश्यक होते. संस्थेचे संमतिपत्र मात्र कायदेशीर मराठीत लिहिलेले होते आणि ते घाईघाईने वाचून दाखवले जात होते. ध्वनिमुद्रणासाठी वेगळी परवानगी घेतली जात होती आणि आम्हाला दिलेल्या मूळ माहितीतून नावे व फोन क्रमांक काढून टाकले होते, ही जमेची बाजू. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला असल्याने ही काळजी प्रत्येक संस्थेकडून लेखी मागून घ्यावी.

कोणाला विचारले नाही, हा भाग अहवालात तळटिपेपुरता उरला आहे आणि तो माझ्या मते मुख्य मजकुरात हवा होता. पाहणी दिवाळीनंतर झाली. तोपर्यंत ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघून गेलेल्या असतात आणि केज तालुक्यातल्या कित्येक घरांना चैत्रापर्यंत कुलूप असते. क्रमांक निघालेला सभासद कोयत्यावर गेला असेल तर त्याच्या जागी शेजारचा सभासद घेतला गेला. जो गेला तो दीड एकरवाला आणि जो सापडला तो विहीरबागाईतवाला, एवढा फरक या अदलाबदलीत पडतो, हे आमच्या भागात कोणाला सांगावे लागू नये. शिवाय नोंदवहीत नाव सातबाऱ्याच्या मालकाचे असते. प्रत्यक्षात पेरणारा बटईदार त्यात नसतो. पत्नीच्या नावावर जमीन असलेल्या घरांत प्रश्न ताईंना विचारला तरी उत्तर बहुधा आतल्या खोलीतून किंवा शेजारच्या खुर्चीवरून पुरुषाचे येत असे. मुलाखत घेणाऱ्या मुलीने दुपारी, घरात पुरुषमाणूस नसताना पुन्हा जाऊन ज्या दोघीतिघींशी बोलणे केले, तेवढाच स्त्रियांचा अनुभव आमच्या हाती आला आहे.

अहवालाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. तो देखणा आहे, त्यात रंगीत वर्तुळे आहेत आणि आमचे मुख्य पीक सोयाबीन असताना मुखपृष्ठावर गव्हाच्या सोनेरी शेताचे छायाचित्र आहे. मूळ मजकूर इंग्रजीत आला; सभासदांसमोर वाचता येईल असा मराठी सारांश मागितल्यावर मिळाला आणि तो नीटनेटका होता. मुलाखतींची शब्दशः लिखिते बोलीतले शब्द तसेच ठेवून दिली, हे मला अहवालापेक्षा मोलाचे वाटते.

दराची पद्धत हा करार करणाऱ्यांनी सर्वांत आधी तपासायचा मुद्दा आहे. या संस्थेने भरलेल्या प्रत्येक प्रश्नावलीमागे दर लावला होता आणि मुलाखती एकूण रकमेत, जवळपास वरकड म्हणून धरल्या होत्या. अर्जामागे पैसे मिळणारा सर्वेक्षक अर्ज लवकर संपवणारच. त्यात त्याचा दोष नाही. उलट मुलाखतीला तास-दोन तास बसणाऱ्या माणसाचा वेळ या हिशेबात स्वस्त ठरतो. चारशेऐवजी दोनशे अर्ज आणि मुलाखती दुप्पट, असा बदल केला असता तर आकड्यांची त्रुटीमर्यादा पाचवरून साधारण सात टक्क्यांवर गेली असती. आमच्यासारख्या कंपनीच्या निर्णयाला तेवढी सैल मर्यादा खुशाल चालते.

ज्यांना निवडणूक अंदाजासारखे फक्त आकडे हवे आहेत त्यांना ही संस्था वेळेत आणि प्रामाणिकपणे काम करून देईल, पण प्रश्न स्वतः तपासून घ्यावेत. ज्यांना माणसांचा अनुभव समजून घ्यायचा आहे, त्यांनी याच संस्थेच्या मुलाखत घेणाऱ्या दोघांसाठी थांबावे लागले तरी थांबावे. दुसऱ्या टप्प्याच्या करारात आम्ही चार अटी घातल्या आहेत: पाहणी टोळ्या बाहेर पडण्यापूर्वी, दसऱ्याच्या आत व्हावी, मुलाखती आधी आणि प्रश्नावली त्यांतून निघालेल्या शब्दांत नंतर तयार व्हावी, ती आधी पंधरावीस सभासदांवर तपासून मग छापावी, आणि बटईदारांची वेगळी यादी गावातून करून त्यांच्याकडेही जावे. संस्थेने पहिल्या तीन मान्य केल्या असून चौथीसाठी वाढीव दर मागितला आहे, आणि तो द्यावा असे माझे मत मी संचालक मंडळाला कळवले आहे.