स्विफ्टला बाहेरून टेप आणि स्पीकर बसवून आठ महिने झाले, त्याचा अनुभव

दिवाळीत बसवला, आता पावसाळा लागलाय, मधे मे महिन्याचं ऊन पण झालं, गाडी साधारण नऊ हजार किलोमीटर फिरली. म्हटलं आता लिहायला हरकत नाही, कारण पहिल्या आठवड्यात सगळंच भारी वाजतं.

गाडी 2015 ची स्विफ्ट पेट्रोल, सेकंड हँड. आधीच्या मालकानं विकताना स्वतःचा टेप काढून घेतला, दारातले स्पीकर पण काढले, आणि मागं ठेवलं काय तर डॅशमधे एक भोक आणि त्यातून लोंबणारा कापलेल्या वायरींचा झुबका. कपलर, म्हणजे वायरी जोडायचा प्लग, त्या सकट कापलेलं. हा माणूस वायरी कापताना कपलरपासून चार बोटं ठेवून कापला असता तर माझी पुढची निम्मी कटकट वाचली असती, पण असो.

पहिला प्रश्न टेप कुठला घ्यायचा. सांगलीत दोन-तीन दुकानं फिरलो, सगळीकडं एकच, "साहेब नऊ इंची अँड्रॉइड टाका, यूट्यूब चालतंय." मेव्हण्याच्या गाडीत तोच आहे, दोन जीबी रॅमवाला, बिननावाचा. स्वस्तात मिळतो, स्क्रीन मोठी दिसते, आलेला पाहुणा पहिल्यांदा तिकडंच बघतो. पण त्याच्या गाडीत बसून मी इस्लामपूरला जाऊन आलोय. चावी दिल्यापासून पडदा चालू व्हायला एवढा वेळ लागतो की तोपर्यंत गाडी गल्लीतून बाहेर पडलेली असते, म्हणजे रिव्हर्स कॅमेऱ्याचा उपयोग काय? आणि आवाज कमीजास्त करायला पण टच. मिरज रोडला एखादा गतिरोधक आला की बोट पाचवर जायच्या ऐवजी पंचवीसवर जातं. मला गोल फिरवायचं बटण पाहिजेच होतं.

म्हणून सोनी, पायोनियर, केनवूड या तिघांतला एक डबल डिन घेतला, सात इंची. कुठल्या कंपनीचा ते मुद्दाम लिहीत नाही, मॉडेलं दर वर्षी बदलतात आणि खाली कमेंटमधे त्यावरनंच भांडणं होतात. डबल डिन म्हणजे तोंड 180 बाय 100 मिलिमीटर, हे माप सगळ्यांचं सारखं असतं, त्यामुळं उद्या हा काढून दुसरा बसवायचा म्हटलं तरी जास्त तोडफोड नाही. नऊ इंचीला त्या त्या गाडीची वेगळी फ्रेम लागते आणि ती स्वस्तातली असली की खड्ड्यात किरकिरते.

वॅटच्या बाबतीत एक सांगतो, कारण मी पण आधी फसलेलो. खोक्यावर 55 वॅट गुणिले चार लिहिलेलं असतं. ते खरं धरू नका. टेप चालतो गाडीच्या बारा-चौदा व्होल्टवर, आतल्या चिपमधनं चार ओहमच्या स्पीकरला प्रत्येक चॅनेलला साधारण वीस वॅटच्या आसपास निघतात, तेवढंच. त्यामुळं स्पीकर घेताना "300 वॅट" वाचण्यापेक्षा त्याची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॅटवर तो किती मोठा वाजतो, ती किती डीबी (डेसिबल) आहे ते वाचा. 91 डीबीचा स्पीकर वीस वॅटवर जेवढा वाजतो तेवढंच वाजायला 88 डीबीवाल्याला चाळीस लागतात, तीन डीबीला वॅट दुप्पट असा हिशोब. वेगळा अँप्लिफायर लावणार नसाल तर हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. दुकानदाराला विचारलं तर त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी भाजीवाल्याला वांग्याचं गोत्र विचारलंय.

शेवटी पुढच्या दारात जेबीएलचे साडेसहा इंची कंपोनंट घेतले, म्हणजे बारीक सुरांचा छोटा स्पीकर, ट्वीटर, वेगळा, तो वर आरशाच्या कोपऱ्यात बसवला. मागं काहीच बसवलं नाही. फिटर म्हणाला, "मागं नाही टाकत? मग मागचे लोक काय ऐकणार?" अरे गाडी आहे, मंगल कार्यालय आहे का? पुढचा आवाज मागं जातोच की. आणि तो डिकीत बेस ट्यूब, म्हणजे नळकांड्यातला वूफर, टाकायच्या मागं लागलेला, "गाडी हलली पाहिजे मालक." आमच्या डिकीत सीझनला तासगावहून द्राक्षांच्या पेट्या येतात, ट्यूबवर ठेवू का त्या?

वाचलेले पैसे मी दारात घातले, आणि पूर्ण कामात तोच एक शहाणपणा केला असं मला आठ महिन्यांनी पण वाटतंय. स्पीकरचा पडदा पुढं येतो तेव्हा जेवढी हवा पुढं ढकलतो तेवढीच मागून ओढतो. पुढचा आवाज आणि मागचा आवाज एकमेकांत मिसळले की खालचे सूर एकमेकांना खातात, बेस जातो. घरच्या स्पीकरला त्यासाठीच खोका असतो. गाडीत खोका कुठला, तर दार, आणि त्या दाराला आतल्या पत्र्यात हाताचा पंजा जाईल एवढी भोकं, आणि बाहेरचा पत्रा एवढा पातळ की बोटानं टकटक केलं तर डब्यासारखा वाजतो. अशा डब्यात पाच हजाराचा स्पीकर बसवला काय आणि पंधराचा बसवला काय. ब्यूटाइल रबराच्या शीट मिळतात, वरनं अ‍ॅल्युमिनियमचा कागद असतो, त्या बाहेरच्या पत्र्याला आतल्या बाजूनं चिकटवायच्या आणि आतल्या पत्र्याची मोठी भोकं बंद करायची. फिटर नुसतं हातानं दाबून मोकळा होत होता. मी रोलर हातात घेऊन बसलो, कागदावरची नक्षी सपाट होईपर्यंत दाबायचं म्हणजे चिकटलं. दाराच्या खालच्या कडेला पाणी जायची बारकी भोकं असतात ती मात्र अजिबात बुजवू द्यायची नाहीत, काचेच्या रबरातनं पावसाचं पाणी दारात उतरतंच, ते अडलं की दार आतनं सडलं. माझ्या एका दाराचं एक भोक त्यानं शीटखाली घेतलंच होतं, ब्लेडनं कापून मोकळं केलं.

दोन दारांचं काम झाल्यावर दार लावलं तर आधी "खडाम्" व्हायचं तिथं "धप्" झालं. बायकोला नवीन टेप दिसायच्या आधी ते कळलं. म्हणाली दार बदललं का?

फिटरबद्दल एक चांगली गोष्ट पण लिहितो. दाराचं आतलं पॅड काढायच्या आधी त्यानं पुढच्या सीटखालचं कार्पेट उचललं आणि सीटच्या पट्टीखालनं बोट फिरवून बघितलं. मी विचारलं काय शोधताय, तर म्हणाला गाळ. 2019 च्या पुरातल्या गाड्या धुऊन पुसून अजून फिरतायत, त्यात हात घातला आणि नंतर वायरिंगनं घोळ घातला की बिल फिटरच्या नावावर. माझी निघाली कोरडी. सेकंड हँड घेणाऱ्यांनी हे स्वतःच बघून घ्या.

पण वायरिंगमधे त्यानंच माती खाल्ली. कपलर नव्हता म्हणून कापलेल्या वायरींना वायरी जोडल्या. टेपला दोन पॉझिटिव्ह लागतात, पिवळी कायमची बॅटरीवर, वेळ आणि सेटिंग लक्षात ठेवायला, आणि लाल चावीवर, म्हणजे चावी काढली की टेप बंद. ह्याला चावीवरची वायर सापडेना म्हणून लाल-पिवळी पिळून एकत्र कायमच्या बॅटरीवर. टेप बटणानं बंद करता येत होता त्यामुळं मला काही कळलंच नाही. पंधरा दिवसांनी पाच दिवस रेल्वेनं पुण्याला गेलो, परत येऊन सेल्फ मारला तर नुसतं टिक टिक टिक. गल्लीतल्या पोरांनी धक्का मारून दिला. बॅटरीवाला म्हणाला बॅटरीच गेली, नवीन घ्या. मी घेतली नाही. मल्टीमीटर दहा अँपिअरवर लावून बॅटरीच्या मायनसला सिरीजमधे जोडला, गाडी लॉक करून वीस मिनिटं थांबलो, तर 0.31 अँपिअर. उभ्या गाडीला 0.05 च्या आत पाहिजे. 0.3 म्हणजे दिवसाला सात अँपिअर-अवर, माझी बॅटरी 35 ची, पाच दिवसात संपणारच की! टेपचा फ्यूज काढला, आकडा खाली आला. परत जाऊन लाल वायर सिगारेट लायटरच्या लाइनवर घ्यायला लावली. त्यानं पैसे घेतले नाहीत, पण सॉरी पण म्हटलं नाही. बॅटरी अजून तीच आहे.

दुसरा घोळ बारका. आवाज येत होता पण बेस गायब, आणि गाणारी बाई समोर नसून कुठंतरी डोक्याच्या मागं गातीय असं वाटायचं. बॅलन्स पूर्ण डावीकडं केला तर बेस आला, पूर्ण उजवीकडं केला तरी आला, मधे आणला की गेला. म्हणजे एका स्पीकरची प्लस-मायनस उलटी, एक पडदा पुढं येताना दुसरा मागं. वायर उलटी केली, पाच मिनिटांचं काम.

खरी मजा मिरजेच्या मित्रानं केली. त्यांच्या घरात सतार-तंबोऱ्याचं काम पिढ्यान् पिढ्या आहे, सतारमेकर गल्लीत. त्याला हौसेनं गाडीत बसवून दोन गाणी ऐकवली, तो काही बोलेना. मग स्वतःचा मोबाईल जोडून नुसता तंबोरा लावला. दोन मिनिटं डोळे मिटून बसला आणि म्हणाला, "लेका, तुझ्या डाव्या दाराला कुणीतरी जवारी काढलीय." मला आधी कळलंच नाही, मग हसून पुरेवाट. तंबोऱ्याला घोडी घासून मुद्दाम जो झंकार आणतात तो माझ्या दारात फुकट येत होता. गाण्यात तो लपायचा, एकसुरी तंबोऱ्यात उघडा पडला. मग त्यानं पॅडवर एकेक बोट दाबत दाबत जागा शोधली, हँडलच्या खाली चार बोटांवर दाबलं की झंकार बंद. पॅड उघडून बघितलं तर लॉकची बारकी दांडी पत्र्याला टेकत होती. फेल्ट टेपचे दोन वेढे दिले, गेला. वर मला सांगतोय की आमच्याकडं पंढरपूर भागातला भोपळा येतो, तो नीट वाळलेला आहे का हे आम्ही वाजवून बघतो, आणि तुम्ही लोक स्पीकर घेताना नुसती जाळी बघता. तेव्हापासून कुणाच्याही गाडीत किरकिर शोधायला मी तंबोराच लावतो, मोबाईलवर अ‍ॅप फुकट मिळतं. स्वर एकेक पट्टी वर नेत जायचा, कुठल्या ना कुठल्या पट्टीला चोर बोलतो.

सेटिंगमधे दोनच गोष्टींनी फरक पडला, इक्वलायझरच्या त्या रॉक-पॉप-जॅझ बटणांना मी हात लावत नाही. एक, हाय पास फिल्टर, म्हणजे खालचे सूर अडवणारा, 80 हर्ट्झला लावला. त्याच्या खालचे सूर साडेसहा इंचीला झेपत नाहीत, नुसता पडदा हापसतो. आधी आवाज 22 वर नेला की फाटायचा तो आता 28 ला पण स्वच्छ. दुसरं टाइम अलाइनमेंट. आपण उजवीकडं बसतो, उजवा स्पीकर जवळ, डावा मोजपट्टीनं मोजला तर त्यापेक्षा साठ सेंटीमीटर लांब, म्हणजे उजवा आवाज पावणेदोन मिलिसेकंद आधी पोचतो. तेवढा उजवा मागं ओढला की गायक उजव्या दारातनं उठून डॅशच्या मधोमध येऊन बसतो. शेजारी बसणाऱ्याचं मात्र वाटोळं होतं, बायकोनं सांगितल्यावर लांबच्या प्रवासात मी ते बंद ठेवतो.

उणिवा आहेतच. ढोलाचा खालचा दणका अजून पूर्ण येत नाही, तो यायला वेगळा वूफरच लागणार. मे महिन्यात गाडी उन्हात उभी राहिली की पहिली दहा मिनिटं टच आळशी होतो. वायरनं जोडलेला अँड्रॉइड ऑटो, म्हणजे मोबाईल टेपच्या पडद्यावर आणणारा, खंबाटकीच्या वळणांवर दोनदा तुटला, पण तो केबलचा दोष निघाला.

आणि अण्णा. मी एवढं सगळं करून अण्णांना तासगावला नेलं तर त्यांचं एकच, "सांगली लाव." सांगली म्हणजे आकाशवाणी, मीडियम वेव्ह, 1251 किलोहर्ट्झ. लावली तर आकडा 1250 वर थांबतो, पुढचा एकदम 1260, आणि मागं नुसती घरघर. अण्णा म्हणाले, "एवढा टीव्ही बसवलास आणि सांगली लागंना? माझ्या वीस वर्षाच्या ट्रान्झिस्टरला लागतीय." दोन गोष्टी निघाल्या. टेपचं रेडिओ रीजन अमेरिकेवर होतं, तिथं स्टेशनं दहा-दहाच्या टप्प्यानं असतात, आपल्याकडं नऊ-नऊच्या, एफएमला बरीच स्टेशनं लागत होती म्हणून मला शंकाच आली नव्हती. रीजन बदलल्यावर 1251 दिसायला लागला, पण घरघर तशीच. ती येत होती लायटरमधल्या दीडशे रुपयाच्या मोबाईल चार्जरमधनं! चार्जर उपसला, सांगली घरातल्यासारखी स्वच्छ. आता अण्णा गाडीत बसले की आधी चार्जर काढून माझ्या हातात देतात, माझा मोबाईल वीस टक्क्यांवर असला तरी.

खर्च विचारणार म्हणून, टेप 14,500, स्पीकर 5,200, दाराच्या शीट 3,800, फ्रेम आणि वायरी 1,400, मजुरी 1,500, एकूण 26,400. परवाच्या पावसानंतर उजव्या दारातनं काळी दोनच्या पट्टीला परत काहीतरी झणझणतंय. मिरजेला फोन केलाय, रविवारी येतो म्हणालाय.